कुलूपबंद घरातील बॅटरी

वर्ध्यालगतच्या सिंदी मेघे येथील एखादे कुटुंब उन्हाळ्यात घरास कुलूप लावून परगावी जाते, तेव्हा इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी निरुद्योगी असूनही आतल्या आत रिती होत असते. आणि तापमान दहा अंशांनी वाढले की ही झीज सुमारे दुप्पट होत असल्यामुळे, जेथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेथे तिची हयगय विशेष घातक ठरते. रित्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात, व मागाहून कितीही चार्ज केले तरी ते पुरते विरघळत नाहीत. खरी हानी हीच. म्हणून निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करावी, डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरावे, इन्व्हर्टर बंद करून ऋण टोकाची तार सोडवावी, आणि मुक्काम लांबणार असल्यास जाणकार शेजाऱ्याकरवी दरमहा पुन्हा चार्ज करण्याची तजवीज करावी. उभ्या व्हॅनमधील जादा बॅटरीसही हाच नियम लागू आहे. बारा व्होल्टांच्या बॅटरीचा विश्रांतीतील दाब १२.४ व्होल्टांखाली उतरू देऊ नये.