शिरढोण : कर्नाळ्याच्या पायथ्याचे गाव आणि आपली वही

पनवेलहून गोव्याकडे जाणारा प्रवासी पळस्पे फाटा ओलांडतो, तेव्हा त्याची दृष्टी डोंगरमाथ्यावरील अंगठ्यासारख्या सुळक्यावर खिळते. तो कर्नाळा. सुळका न्याहाळता न्याहाळता गाडी पुढे जाते आणि शिरढोण मागे पडते. बँकेच्या सेवेत असताना वसुलीच्या निमित्ताने मी या रस्त्याने असंख्य वेळा गेलो. गावात कधी उतरलो नाही. निवृत्तीनंतर मात्र एका सकाळी मुद्दाम उतरलो.

गाव तसे लहानच. भातखाचरे, काही जुनी कौलारू घरे, त्यांच्यामध्ये उभी राहिलेली सिमेंटची नवी बांधकामे. जमिनीच्या भावांची चर्चा तर आता पनवेल तालुक्यात कोठेही ऐकू येते. परंतु येथे एक फडके वाडा आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म याच गावी झाला.

या गावाचे जुने नाते वरच्या किल्ल्याशी आहे. कर्नाळा हा पनवेलच्या खाडीवर आणि बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवणारा किल्ला. निजामशाही, पोर्तुगीज, मोगल अशा अनेक सत्ता त्याने पाहिल्या. १६७० मध्ये तो शिवाजी महाराजांनी घेतला, पुढे पेशव्यांकडे आला आणि १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने तो जिंकला. त्या वेळी वासुदेव बळवंतांचे आजोबा अनंतराव हे तेथील किल्लेदार होते. ज्या घरातील आजोबांनी किल्ला गमावला, त्या घरातील नातू त्याच किल्ल्याकडे पाहत लहानाचा मोठा झाला, याचा विचार तेथे उभे राहिल्यावर मनात आल्यावाचून राहत नाही.

मला व्यक्तिशः आपले वाटले ते त्यांचे नोकरीचे आयुष्य. हा क्रांतिकारक पेशाने हिशेबनीस होता! पुण्यातील लष्करी हिशेब खात्यात त्यांनी सुमारे १५ वर्षे कारकुनी केली. आई आजारी असल्याचे कळले, रजा मागितली, ती वेळेवर मिळाली नाही आणि आईची अखेरची भेट झाली नाही. रजेचे अर्ज मंजूर-नामंजूर करण्यात माझीही बरीच वर्षे गेली असल्याने हा प्रसंग मला नेहमी बोचतो.

पुढे १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. वासुदेव बळवंतांनी गावोगावी हिंडून तो पाहिला आणि १८७९ च्या फेब्रुवारीत रामोशी साथीदारांसह बंड उभारले. पहिला छापा पडला तो शिरूर तालुक्यातील धामारी येथे, सरकारी कराची रक्कम ज्यांच्या घरी ठेवली होती त्या बालचंद फोजमल सांकला या व्यापाऱ्यांच्या घरावर. वाचकहो, हे नाव वाचताना आपल्यापैकी अनेकांना थबकावे लागेल. मे महिन्यात तर दौलतराव नाईकांच्या तुकडीने शिरढोणच्या शेजारी, पळस्पे आणि चिखले येथे छापे घातले. घाटाकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत दौलतराव ठार झाले.

स्मारकाला हार घालताना हा भाग आपण सहसा वगळतो. छापे सावकार-व्यापाऱ्यांच्या घरांवर पडत, आणि दख्खनेत सावकारी करणाऱ्यांत मारवाडी व गुजराती कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्या घरांतील बायका-मुलांनी ती रात्र कशी काढली असेल, हा प्रश्न विचारण्यात देशद्रोह नाही. परंतु वहीचे दुसरे पानही उलटले पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ नंतर तो कोसळला. शेतसारा मात्र रोखीने आणि ठरल्या तारखेलाच भरावा लागे. शेतकरी सावकाराकडे गेला, खतावर अंगठा उठला, व्याजावर व्याज चढले आणि अखेर दिवाणी न्यायालयाच्या हुकुमाने जमीन गेली. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारापासून जे दंगे उसळले, त्यांत लोकांनी मुख्यतः कर्जखतेच हिसकावून जाळली. माणसे मारण्याचा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना तो कागद नष्ट करायचा होता.

१८७९ मध्येच दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्यक कायदा झाला. खतावर लिहिलेली रक्कम प्रमाण न मानता मूळ दिले किती, फेडले किती, याचा हिशेब उकलण्याची मुभा न्यायाधीशांना मिळाली. जुनी खाती तपासलेल्या माझ्यासारख्याला यातील शहाणपण लगेच पटते. मुद्दल लहान आणि येणे डोंगराएवढे, असे खाते समोर आले की दोष केवळ ऋणकोचा नसतो, हे मी अनुभवाने सांगतो.

२० जुलै १८७९ रोजी विजापूरकडील देवर नावदगी येथे वासुदेव बळवंत पकडले गेले. पुण्यातील खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांचा बचाव केला. जन्मठेपेची शिक्षा होऊन त्यांची रवानगी एडनला झाली. ते बंदर तेव्हा मुंबई इलाख्याच्याच कारभारात होते. तेथील तुरुंगातूनही ते एकदा निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी तेथेच देह ठेवला.

शिरढोणला जाल तर पुढे दोन-तीन किलोमीटरवरील कर्नाळा अभयारण्यही अवश्य पाहा. १९६८ मध्ये स्थापन झालेले हे राज्यातील पहिले पक्षी अभयारण्य. हिवाळ्यात पहाटे पोहोचलात तर स्वर्गीय नर्तक, हळद्या, भृंगराज यांचे दर्शन घडू शकते. किल्ल्याची चढण दीड-दोन तासांची आहे. पाणी सोबत घ्या. सुळक्यावर आग्या मोहोळांची पोळी असतात, म्हणून अत्तर लावून जाऊ नका आणि आरडाओरडाही नको. सुळक्याच्या पायथ्याशी खडकात कोरलेली पाण्याची टाकी आणि कोठारे आहेत. तेथे बसून मी बराच वेळ खाली पाहत राहिलो. एका बाजूला शिरढोणची कौले आणि दूरवर पळस्पे एकाच नजरेत मावत होते.