टाऊन हॉलमधला समुद्रदेव

कोल्हापूरला आपण जाता ते अंबाबाईच्या दर्शनाला, बाजाराला, नाहीतर दवाखान्याच्या कामाला. यापुढे गेलात, तर तासभर वेळ काढून टाऊन हॉलमध्ये जरूर डोकवा. बागेतली ही उंच निमुळत्या छपरांची दगडी इमारत १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली. संस्थान छत्रपतींचे, पण अंमल इंग्रजांच्या सल्ल्याचा. म्हणून घडणही विलायती वळणाची. १९४९ पासून तिथे इतिहासाचे संग्रहालय नांदते आहे.

आत तोफा-तलवारी आहेत, मूर्ती आहेत, चित्रे आहेत. मुले तलवारींपुढून हलत नाहीत. पण गुरुजींनी त्यांना एका लहानशा मूर्तीपुढे मुद्दाम उभे करावे. मूर्ती काशाची, वीतभर उंचीचीसुद्धा नाही. हा पोसायडन, ग्रीक लोकांचा समुद्रदेव! आता, समुद्र राहिला घाटाखाली. मग हा देव पंचगंगेकाठी आला कसा?

पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिच्याच मातीतून ही मूर्ती निघाली. १९४५-४६ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. जमीन थराथरांनी साचते; वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. वर बहामनी काळ लागला; खाली सातवाहनांचा काळ, त्यांची नाणी, विटांची घरे, मातीची भांडी. त्यावरून उलगडा झाला, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जहाजांतला माल कोकणच्या बंदरांत उतरे, आणि घाट चढून इथवर येई.

आता असे समजा, की हीच मूर्ती कुणी गुपचूप मोडीत घातली असती, किंवा शहरात नेऊन विकली असती. धातूचे चार पैसे आले असते, पण ही सारी हकिगत बुडाली असती. वस्तूचे मोल नुसत्या धातूत नसते, बरे का! ती कुठे सापडली, किती खोल सापडली, शेजारी काय होते, यात ते असते. म्हणून तर तिथे फुटकी खापरेही जपून ठेवली आहेत.

विहीर खणताना, बांध घालताना आपल्यालाही कधी नाणी, मूर्ती, खापरे लागतात. तेव्हा घासूनपुसून लख्ख करू नका, वाटून घेऊ नका. जागा लक्षात ठेवा आणि तलाठ्याला वा तहसीलदाराला कळवा. जमिनीत दडलेला दहा रुपयांवरचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना वर्दी द्यावी, असा १८७८ चा कायदाच आहे.

आणि गुरुजी, सहल परतली की मुलांना एवढेच विचारा : आपल्या गावच्या पांढरीत काय बरे दडले असेल?