गाडी घाटात बंद पडते तेव्हा

मित्रहो, असे समजा की मे महिन्याची सुट्टी आहे आणि तुम्ही मामांच्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीतून चिपळूणहून कराडला निघाला आहात. दुपारचे दोन वाजले आहेत. कुंभार्ली घाटाची चढण निम्मी झाली आहे. गप्पा रंगल्या आहेत आणि एकाएकी इंजिनाचा आवाज बंद होतो. मोठा आवाज नाही, धूर नाही. दिवा मालवावा तसे इंजिन विझते. मामा किल्ली फिरवतात. 'घर्र घर्र घर्र' असे होते, पण इंजिन काही सुरू होत नाही.

"पुन्हा तेच!" मामा कपाळाला हात लावतात. दोन महिन्यांतली ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी एका गॅरेजात बॅटरी बदलली, दुसऱ्या वेळी दुसऱ्या गॅरेजात पेट्रोलचा पंप. दोन्ही वेळा गाडी लगेच सुरू झाली, मामांनी पैसे मोजले आणि सगळे निर्धास्त झाले. मग आज काय बिघडले?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना इंजिनाची ओळख तर होईलच. पण डोळ्यांना न दिसणारा बिघाड शोधायचा कसा, हेही आपल्याला कळेल.

आधी जीव, मग इंजिन

इंजिन बंद पडले म्हणून ब्रेक नाहीसे होत नाहीत; ते जड मात्र होतात. ब्रेक दाबताना पायाला मदत करणारे एक साधन गाडीत असते. पेट्रोलचे इंजिन हवा आत ओढते तेव्हा जो निर्वात तयार होतो, त्याच्या जोरावर बहुतेक गाड्यांत ते काम करते. इंजिन थांबले की साठलेला निर्वात दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंतच पुरतो. म्हणून ब्रेक सारखा दाबायचा आणि सोडायचा नाही. एकदाच घट्ट दाबून गाडी डाव्या कडेला उभी करायची. स्टिअरिंगही जड होते. गाडी चालत असताना किल्ली काढून तर मुळीच घ्यायची नाही, कारण मग स्टिअरिंगला कुलूप बसू शकते.

गाडी थांबल्यावर हातब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा आणि चढण असल्याने चाकांच्या मागे दगड लावावेत. चारही इशारादिवे चालू करून लाल त्रिकोण मागच्या वळणाआधी दिसेल असा ठेवावा. बाकीच्यांनी खाली उतरून रस्त्यापासून दूर उभे राहावे. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण कोणी उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते उकळत अंगावर उसळते.

इंजिनाच्या तीन गरजा

आता बॉनेट उघडू या. आत तारा, नळ्या, डबे यांचे जंगल दिसते. पण घाबरू नका. जर्मनीच्या निकोलाउस ऑटो याने १८७६ साली चार धावांचे इंजिन चालवून दाखवले, तेव्हापासून आजपर्यंत अशा इंजिनाच्या मूळ गरजा बदललेल्या नाहीत.

घरची चूल आठवा. तिला जळण हवे, वारा हवा आणि पेटवायला काडी हवी. इंजिनातही पहिली गरज हवा आणि पेट्रोल यांच्या योग्य मिश्रणाची. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. दुसरी गरज दाबाची. सिलिंडरमधला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर येताना हे मिश्रण साधारण एक-दशांश जागेत कोंबतो. तिसरी गरज ठिणगीची, आणि तीही नेमक्या क्षणी. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एक, म्हणजे सेकंदाला २५ ठिणग्या पडाव्या लागतात. चार सिलिंडरच्या मिळून झाल्या १००!

(डिझेलच्या इंजिनात ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेतच तेल पेटते. आपण आज फक्त पेट्रोलच्या इंजिनाचा विचार करू.)

म्हणजे चालते इंजिन थांबले, तर मिश्रण, दाब, ठिणगी यांपैकी काहीतरी कमी पडले असले पाहिजे. तारांचे जंगल एकदम तीन वाटांत विभागले गेले की नाही?

पहिला प्रश्न: इंजिन फिरते का?

एवढ्यात पाटणकडून स्कूटरवरून एक वयस्क मिस्त्री येतात. मामांना वाटते, आता ते पाना काढतील. पण मिस्त्री काढतात ते प्रश्नच.

"साहेब, बंद कशी पडली? आचके देत, का एकदम?"

"एकदम."

पेट्रोल कमी पडले की इंजिन बहुधा आचके देते, धापा टाकते, मग थांबते. एकदम विझते तेव्हा विजेच्या बाजूचा संशय अधिक. हा केवळ संशय आहे, पुरावा नव्हे. पण कुठून सुरुवात करावी हे त्याने ठरते.

"आता किल्ली फिरवा. बाळ, तू आवाज ऐक."

हा आवाज फार बोलका असतो. किल्ली फिरवल्यावर अगदी शांतता असेल किंवा नुसते 'टक टक' होत असेल, तर बॅटरी, तिच्या टोकांच्या पकडी किंवा स्टार्टर यांकडे पाहावे. विश्रांतीत असलेली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिला १४ व्होल्टच्या आसपास दाब देऊन भरत असतो. अल्टरनेटर बंद पडला तर गाडी काही काळ साठवलेल्या विजेवर धावते आणि शेवटी थांबते. पण मग दिवेही मंद होतात आणि स्टार्टरही फिरत नाही.

याउलट, इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि भरभर फिरू लागले, तर दाब नाहीसा झाला असावा. झडपांची उघडझाप करणारा टायमिंग पट्टा तुटला की असे होते. तेव्हा किल्ली पुन्हा फिरवायची नाही. काही इंजिनांत पिस्टन उघड्या झडपांवर आदळून मोठे नुकसान होते.

आपल्या गाडीचे 'घर्र घर्र' मात्र नेहमीसारखे, दमदार आणि एका तालात आहे. म्हणजे बॅटरी ठीक, स्टार्टर ठीक, दाबही बहुधा ठीक. एका प्रश्नात निम्मे संशयित सुटले! आणि पहिल्या गॅरेजात बॅटरी उगाच बदलली, हेही उघड झाले. तेव्हाही आवाज असाच येत होता, असे मामाच सांगतात.

दुसरा प्रश्न: पेट्रोल की ठिणगी?

"आता किल्ली निम्मीच फिरवा. स्टार्टर नको," मिस्त्री सांगतात आणि तुम्हाला मागच्या आसनाजवळ कान लावायला लावतात. दोनेक सेकंद 'ऊंऽऽ' असा आवाज येतो आणि थांबतो. पेट्रोलच्या टाकीतला विजेचा पंप चालला. पंप जिवंत आहे, त्याचा फ्यूजही शाबूत आहे.

मग मिस्त्री एक छोटे तपासणी साधन जोडून ठिणगी पाहतात. ठिणगी नाही! (हे तुम्ही करू नका. ठिणगीसाठी इग्निशन कॉइल १२ व्होल्टपासून वीस-तीस हजार व्होल्ट तयार करते. त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो.)

ठिणगी नाही, म्हणजे कॉइल गेली का? घाई करू नका. मिस्त्री सायलेन्सरच्या टोकाशी वास घेतात. एवढ्या वेळा इंजिन फिरवूनही न जळलेल्या पेट्रोलचा वास येत नाही. म्हणजे ठिणगीही नाही आणि सिलिंडरमध्ये पेट्रोलही फवारले जात नाही.

झाडाची एक फांदी वाळली तर त्या फांदीचा दोष. पण सगळ्या फांद्या एकदम वाळल्या तर मुळाशी पाहावे. ठिणगी आणि पेट्रोल या दोघांना हुकूम कोण देतो? गाडीतला छोटा संगणक. आणि हुकूम केव्हा द्यायचा, हे त्याला कोण सांगतो?

मिस्त्री पुन्हा इंजिन फिरवायला सांगतात आणि फेरे मोजणाऱ्या काट्याकडे बोट दाखवतात. इंजिन घरघरत आहे, पण काटा शून्यावरून हललेलाच नाही. संगणकाला इंजिन फिरते आहे हेच कळत नाही!

इंजिनाचा मुख्य दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. त्याच्यासोबत एक दातेरी चाक फिरते आणि चाकाजवळ बोटाएवढा संवेदक बसवलेला असतो. एका प्रकारच्या संवेदकात लोहचुंबक आणि बारीक तारेचे वेटोळे असते. दाते पुढून गेले की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच! हे ठोके मोजून संगणक ठिणगी आणि पेट्रोल यांची वेळ ठरवतो. ठोके थांबले की त्याच्या लेखी इंजिन उभे आहे. मग तो ठिणगी देत नाही, पेट्रोलही देत नाही.

मिस्त्रींचे भाकीत

"मग आता?" मामा विचारतात.

"आता काही नाही. अर्धा तास झाडाखाली बसा. गाडी आपोआप सुरू होईल."

हे ज्योतिष नव्हे. वेटोळ्याची तार आत कुठेतरी तडकली असेल, तर इंजिनाच्या उष्णतेने भाग प्रसरण पावतात आणि तडकलेली टोके दूर जातात. थंड झाल्यावर ती पुन्हा टेकतात. मिस्त्रींची कल्पना खरी असेल तर गाडी निवल्यावर चालू झालीच पाहिजे. अर्ध्या तासाने मामा किल्ली फिरवतात. काटा हलतो आणि इंजिन सुरू होते!

तरीही मिस्त्री "सापडला" असे म्हणत नाहीत. पाटणला त्यांच्या गॅरेजात ते गाडीच्या सोळा खुंट्यांच्या जोडणीला यंत्र लावतात. संगणकाच्या स्मरणात 'पी ०३३५' ही खूण निघते. तिचा अर्थ क्रँकशाफ्ट संवेदकाच्या मंडलात दोष. पण मंडलात संवेदक आला, तशी तारही आली आणि जोडणीही. म्हणून ते संवेदक काढून वेटोळ्याचा विरोध मोजतात: थंड असताना तो ठीक येतो. मग गरम हवेच्या झोताने संवेदक तापवून पुन्हा मोजतात. मीटर दाखवतो, मंडल तुटलेले! आता खात्री झाली. नवा संवेदक बसतो.

जुन्या गाड्यांचे ओले फडके

तुमचे आजोबा ही हकीगत ऐकून म्हणतील, "आमच्या वेळी पंपावर ओले फडके टाकले की गाडी चालू व्हायची." तेही खरेच. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत पेट्रोलचा पंप तापलेल्या इंजिनावरच असे आणि टाकीतून पेट्रोल ओढून आणी. ओढताना नळीतला दाब कमी होई, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पेट्रोलातले हलके घटक तर ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पंप पेट्रोलऐवजी वाफच दाबत बसे. ओल्या फडक्यावरचे पाणी उष्णता घेऊन बाष्प होई, पंप निवे आणि गाडी चाले.

आज टाकीतला पंप पेट्रोल मागून ढकलतो. त्याचा दाब अनेक गाड्यांत हवेच्या दाबाच्या सुमारे तिप्पट असतो. प्रेशर कुकरमध्ये पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, तसाच इथे पेट्रोलचा वाढतो. म्हणून हा त्रास आता क्वचितच होतो. लक्षण मात्र दोन्हींचे एकच: 'तापली की बंद, निवली की चालू.' लक्षण सारखे असले तरी कारण सारखे असेलच असे नाही, हे यावरून ध्यानात येईल.

योगायोगाचा सापळा

आता आधीच्या दोन दुरुस्त्या आठवा. गाडी बंद पडली, ओढून गॅरेजात नेली, भाग बदलला आणि ती सुरू झाली. प्रत्येकाला वाटले, आपल्या भागामुळेच. खरे तर तेवढ्या वेळात इंजिन निवले होते! बॅटरीऐवजी नुसता चहा घेतला असता तरी ती सुरू झाली असती.

एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव असतोच असे नाही. मिस्त्रींनी तीन पथ्ये पाळली. बिघाड हजर असतानाच चाचणी घेतली. प्रत्येक चाचणी अशी निवडली की तिच्या उत्तराने बरेच संशयित एकदम सुटावेत. सोळा संशयित असतील आणि प्रत्येक प्रश्नाने निम्मे सुटत असतील, तर चार प्रश्नांत एकच उरतो. आणि शेवटी बिघाड मुद्दाम पुन्हा घडवून खात्री केली. चांगले डॉक्टर रोग शोधतात आणि शास्त्रज्ञ आपली कल्पना तपासतात तेही याच रीतीने. अंदाजावर भाग बदलण्यात नुसते पैसे जात नाहीत. तीच गाडी पुढच्या वेळी रात्री, पावसात, आंधळ्या वळणावर थांबू शकते.

करून पाहा

सेलवर चालणारी, उघडता येणारी एक टॉर्च घ्या. मित्राला तुमच्या नकळत तिच्यात एकच दोष करायला सांगा: एक जुना सेल, उलटा सेल, सैल दिवा किंवा टोकावर कागदाचा कपटा. आता काहीही बदलण्याआधी वहीत संशयितांची यादी करा. कोणती चाचणी निम्मे संशयित सोडवील ते ठरवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. किती चाचण्यांत दोष सापडला ते लिहून ठेवा. मग पाळी बदला आणि तुम्ही दोष करा. ज्याला कमी चाचण्या लागतील तो खरा मिस्त्री!