एका बोटाने उघडणारं झाकण

कॉलेजं सुरू होण्याच्या सुमारास संपादकांनी काम दिलं ते सरळ होतं. मुलांना लॅपटॉप घ्यावा की टॅबलेट, आणि नव्या मालातला टिकाऊ कोणता, एवढं वाचकांना सांगायचं. वस्तू विकणाऱ्याकडे टिकाऊपणा विचारून उपयोग नसतो. तो कळतो दुरुस्तीच्या टेबलावर, म्हणून मी लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे. ग्रँट रोड स्टेशनवर उतरलं की चालत थोडंसंच अंतर. सुटे भाग, केबली, कॅमेरे, कॉम्प्युटर यांच्या दुकानांतून वाट काढत जिन्याखालच्या एका गाळ्याशी पोचले.

गाळ्यातला कारागीर चाळिशीचा असेल. त्याच्यासमोर एक उघडा लॅपटॉप उताणा पडला होता आणि चिमट्यात त्याने पितळेचा एक नट धरला होता, तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नाही. नटाच्या अंगाला काळं प्लॅस्टिक चिकटलेलं होतं.

"मशीनला काही झालेलं नाही, ताई. बोर्ड चांगला, बॅटरी चांगली, स्क्रीन चांगली. हिंज उखडलाय."

त्या दुपारी मी तिथून हलले नाही. हिंज म्हणजे झाकणाची बिजागरी. प्रोसेसर, रॅम, स्क्रीनचे रंग यांवर कंपन्या पानंच्या पानं लिहितात. ज्या भागावर अख्खं यंत्र उघडतं-मिटतं, त्याचा उल्लेख जाहिरातीत फारसा नसतो.

दाराच्या बिजागरीने मोकळं फिरायचं असतं. लॅपटॉपच्या बिजागरीने अडवायचं असतं. एक पोलादी दांडा, त्यावर घट्ट बसवलेल्या चकत्या किंवा वळवलेली पट्टी, टोकाला आवळलेला नट आणि मध्ये किंचित ग्रीस. चकत्यांच्या घर्षणामुळेच स्क्रीन आपण सोडू तिथे उभी राहते. घर्षण कमी पडलं तर स्क्रीन मागे कलंडते. जास्त झालं तर झाकणाबरोबर खालचा भागही उचलला जातो.

आणि गिऱ्हाईक दुकानात पहिल्यांदा नेमकं हेच बघतं. टेबलावरचा लॅपटॉप एका बोटाने उघडला, खालचा भाग हलला नाही, की वस्तू उंची वाटते. पण एका बोटाने उघडायचं तर बूड जड हवं किंवा बिजागरी हलकी हवी. बूड दर वर्षी हलकं होत चाललंय. बिजागरी हलकी करावी तर टचस्क्रीनला बोट लावताच स्क्रीन डुलते, शिवाय टचस्क्रीनची काच वजन वाढवते ते वेगळंच. मग पहिल्या काही अंशांत सैल आणि पुढे कडक, अशी घडण करावी लागते. ज्याने ही बेरीज-वजाबाकी कागदावर जमवली त्या इंजिनिअरचं मला मनापासून कौतुक वाटतं.

या झाकणाचा इतिहास थोडक्यात सांगते. १९८२ साली ग्रिड कंपास नावाचा संगणक आला. बिल मॉग्रिज यांनी त्याची स्क्रीन कीबोर्डवर मिटेल अशी रचना केली. मॅग्नेशियमचं कवच, वजन पाच किलोच्या आसपास, किंमत आठ हजार डॉलरच्या वर. अमेरिकेच्या अंतराळयानांतूनही तो गेला. बिजागरीला धरून ठेवायला तेव्हा भरपूर धातू होता. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी रंगमंचावर कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, आणि पातळपणा ही दाखवायची गोष्ट झाली.

कारागिराने बिजागरी माझ्या तळहातावर ठेवली. ती शाबूत होती. मोडली होती तिची जागा. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक लॅपटॉपांत प्लॅस्टिकच्या कवचाला आतून छोटे खांब असतात, त्यांत पितळी नट रुतवलेले असतात आणि स्क्रू त्या नटांत बसतो. ग्रीस सुकतं, धूळ जाते, बिजागरी कडक होत जाते. झाकण उघडण्याचा सगळा जोर प्लॅस्टिकच्या त्या खांबांवर येतो आणि एके दिवशी नट मुळासकट उपटून येतो. झाकण कोपऱ्याला धरून उघडायची सवय असेल तर एकाच बाजूवर भार पडतो आणि हे लवकर घडतं.

कारागीर आधी बिजागरीचा नट पाव फेरा सैल करतो. "हे नाही केलं तर मी कितीही चांगलं चिकटवलं तरी पुन्हा उखडणार." मग तुटकी जागा ब्लेडने खरवडतो, स्पिरिटने पुसतो, पितळी नट मूळ जागी बसवतो आणि दोन नळ्यांतला डिंक कालवून भोवती भरतो. मग रात्रभर शिकंज्यात. गिऱ्हाइकाला तासाभरात हवं असतं. त्यासाठी झटपट चिकटणारा डिंक वापरणारेही आहेत. तो कडक होतो, पण ठिसूळ राहतो, आणि पुढच्या माणसाला ती जागा नीट करणं जवळजवळ अशक्य करून ठेवतो.

महागड्या धातूच्या लॅपटॉपांत खांब उखडत नाहीत. तिथे दुसरं दुखणं निघालं. २०१६च्या मॅकबुक प्रोमध्ये स्क्रीनकडे जाणारी पातळ केबल बिजागरीच्या जागी गुंडाळलेली होती. झाकण उघडता-मिटता ती घासून झिजायची, मग स्क्रीनच्या तळाशी नाटकाच्या रंगमंचासारखे उजेडाचे पट्टे दिसायचे, शेवटी उजेडच जायचा. केबल स्क्रीनलाच जोडलेली, त्यामुळे बदलायची तर अख्खी स्क्रीन. आयफिक्सिट या दुरुस्ती संस्थेने २०१८चं मशीन उघडलं तेव्हा तीच केबल दोन मिलिमीटर लांब केलेली आढळली. मे २०१९ मध्ये ॲपलने १३ इंची मॉडेलसाठी मोफत दुरुस्ती जाहीर केली.

टॅबलेट घेतला तर बिजागरीच नको, असं वाटतं. पण २०१८चा आयपॅड प्रो ५.९ मिलिमीटर जाडीचा होता आणि काही ग्राहकांना तो किंचित वाकलेला मिळाला. ४०० मायक्रॉनपर्यंतचा वाक आमच्या मर्यादेत बसतो, असं कंपनीचं उत्तर होतं. शिवाय अभ्यासासाठी टॅबलेट घेतला की कीबोर्डचं कव्हर येतंच, आणि त्या कव्हरला बऱ्याचदा बिजागरी असते.

मी त्याच्याशी बोलत होते तेवढ्यात वडील आणि मुलगी आली. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, लॅपटॉप वॉरंटीत. सर्व्हिस सेंटरने 'फिजिकल डॅमेज' असा शेरा मारून परत पाठवलेला. वडील पुन्हा पुन्हा सांगत होते, "पडला नाही हो, कधीच पडला नाही." मला त्यांचं खरं वाटलं. सावकाश सैल होत गेलेला खांब आणि आपटून तुटलेला खांब यांतला फरक जाणकाराला बघून कळतो, पण कागदावर दोन्हींना एकच रकाना.

सर्व्हिस सेंटरने नवी बॉडी आणि स्क्रीन मिळून जी रक्कम सांगितली होती ती ऐकून वडील नव्या लॅपटॉपच्या चौकशीला निघाले होते. नुसती बिजागरी अनेक मॉडेलांना सुटी मिळत नाही. मिळाली तर ती जुन्या मोडीतून काढलेली किंवा नकली असते. मॉडेलच्या नावात एक अक्षर बदललं की स्क्रूची भोकं जुळत नाहीत. फ्रेमवर्क नावाच्या अमेरिकी कंपनीने २०२१ पासून जवळपास प्रत्येक भाग सुटा विकायला सुरुवात केली, बिजागरीसुद्धा. म्हणजे हे करता येतं.

फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना दुरुस्तीक्षमतेचे गुण दाखवावे लागतात, दहापैकी. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टलही काढलं. दुरुस्तीक्षमतेच्या निर्देशांकावर नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यात पहिला मान मोबाइल आणि टॅबलेटला आहे. महत्त्वाच्या भागांच्या यादीत बिजागरी आहे, पण ती मिटणाऱ्या फोनची. हप्त्यांवर घेतलेला लॅपटॉप घरातली मोठी खरेदी असते, त्याचा नंबर कधी, याची मला खरोखर काळजी वाटते. बाजारात नवं मॉडेल दर वर्षी येतं आणि नियम त्या वेगाने येत नाहीत.

कारागिराची अडचण आणखी निराळी. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मोबाइलच्या बोर्डचं काम हवं असतं, त्यात पैसा आहे. बिजागरीला रात्र जाते आणि गिऱ्हाईक पाचशेवर घासाघीस करतं. काही पातळ मॉडेलं तो आता घेतच नाही. त्यांची स्क्रीन काचेला चिकटवलेली असते, उघडताना तडकली तर भरपाई त्याच्या खिशातून.

मुलीचा लॅपटॉप मात्र त्याने घेतला. स्क्रीन जाईल असं काही नाही, पण कवचाला तडा आहे तो दिसत राहील, हे त्याने आधीच सांगितलं. परवा संध्याकाळी या म्हणाला, आणि झाकण दोन्ही हातांनी नाही तर निदान मधोमध धरून उघडायचं, हे तिच्याकडून तिथल्या तिथे दोनदा करवून घेतलं.