आधी तालुका, मग दर: एकाहून अधिक गुणधर्मांच्या क्रमवारीविषयीचे गैरसमज

नाशिक जिल्ह्यातल्या कांदा बाजारांच्या रोजच्या नोंदी ॲरेमध्ये साठवल्या, तर प्रत्येक नोंद हे एक ऑब्जेक्ट होते. बाजार समिती, तालुका, तारीख, आवक आणि क्विंटलमागचा सर्वसाधारण दर हे त्याचे गुणधर्म. यादी तालुक्यांच्या वर्णक्रमाने हवी आणि एकाच तालुक्यात जास्त दराचा बाजार वर हवा, ही मागणी साधीच आहे. पण ती पुरी करताना जावास्क्रिप्टमध्ये बऱ्याच चुका होतात.

सर्वांत पक्का गैरसमज असा की आधी तालुक्याने क्रमवारी लावावी आणि मग दराने. नमुन्यादाखल चार नोंदी घेऊ: उमराणे (देवळा) 1650, लासलगाव (निफाड) 1500, पिंपळगाव बसवंत (निफाड) 1750 आणि येवला 1600. तालुक्याने लावल्यावर निफाडचे दोन्ही बाजार शेजारी येतात. पण लगेच दराने उतरती क्रमवारी लावली की पिंपळगाव पहिले, लासलगाव शेवटचे आणि त्यांच्या मध्ये उमराणे व येवला! दुसऱ्या क्रमवारीला पहिलीची काहीच पर्वा नसते. ती फक्त दर पाहते.

वस्तुस्थिती अशी की क्रमवारी एकदाच लावायची आणि दोन नोंदींच्या (पहिली अ, दुसरी ब) तुलनेतच प्राधान्य सांगायचे. तुलना करणारे फंक्शन ऋण संख्या देते तेव्हा पहिली नोंद आधी येते, धन संख्या देते तेव्हा नंतर. शून्य म्हणजे बरोबरी. तालुके वेगळे असले की निकाल तिथेच लागला. ते सारखे असले तरच दर पाहायचा, आणि उतरत्या क्रमासाठी वजाबाकी उलटी करायची: ब.दर - अ.दर. जावास्क्रिप्टमध्ये हे ‘तालुकाक्रम(अ, ब) || दरक्रम(अ, ब)’ असे एका ओळीत मावते, कारण डावीकडून शून्य आले तरच उजवी बाजू तपासली जाते. गुणधर्म दोन म्हणून वेळ दुप्पट लागतो, ही समजूतही त्यामुळेच खोटी ठरते.

दोन टप्प्यांचा मार्ग मुळातच चुकीचा नाही; उलटा आहे तो क्रम. कमी महत्त्वाच्या गुणधर्माने आधी आणि मुख्य गुणधर्माने शेवटी क्रमवारी लावली, तर उत्तर बरोबर येते. पंचकार्डांच्या काळात यंत्रावर कार्डे लावतानाही याच रीतीने उजवीकडच्या शेवटच्या रकान्यापासून सुरुवात होई. अट एकच: क्रमवारी स्थिर हवी, म्हणजे बरोबरीच्या नोंदींचा आपसातला आधीचा क्रम टिकायला हवा. पायथनने ही हमी 2.3 या आवृत्तीपासून दिली. जावास्क्रिप्टच्या मानकात ती 2019 मध्ये आली. क्रोमच्या 70 च्या आधीच्या आवृत्त्यांत दहापेक्षा मोठ्या ॲरेची क्रमवारी स्थिर नसे. म्हणून पाच-सहा नोंदींवर तपासलेले काम पूर्ण जिल्ह्याच्या यादीवर बिघडू शकत होते.

‘अ मोठा आहे का’ याचे होय किंवा नाही एवढे उत्तर पुरते, हाही भ्रमच. ‘होय’चा 1 होतो आणि ‘नाही’चा 0, म्हणजे ‘लहान’ हे उत्तर कधी मिळतच नाही. तुलनेचे फंक्शन दिलेच नाही, तर प्रत्येक ऑब्जेक्टचे रूपांतर एकाच मजकुरात होते आणि यादी जागची हलत नाही. दर मजकूर म्हणून साठवला असेल, तर चढत्या क्रमात 950 हा 1500 च्या नंतर येतो, कारण तुलना पहिल्या अंकाची होते. दिवस-महिना-वर्ष अशा मजकुरातल्या तारखांचेही तेच. वर्ष-महिना-दिवस असे लिहिले की त्या नीट लागतात.

सुटीच्या दिवशी दर नसतो. रिकामा दर आपोआप तळाशी जाईल, असे धरून चालणे घातक आहे. जो गुणधर्म ऑब्जेक्टमध्ये नाहीच, त्याची वजाबाकी ‘संख्या नाही’ असे उत्तर देते आणि ते शून्य मानले जाते. मग ती नोंद 1500 च्याही बरोबरीची ठरते आणि 1750 च्याही! अशा विसंगत तुलनेतून कोणता क्रम निघेल, याची हमी नाही. रिकाम्या नोंदींची जागा फंक्शनमध्ये स्पष्ट सांगावीच लागते.

राहिला वर्णक्रम. जिल्ह्याच्या 15 तालुक्यांची नावे रोमन लिपीत साठवली तर बागलाण पहिला येतो. मराठीत तो मान इगतपुरीचा. पण नुसती देवनागरी पुरत नाही. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, तर मराठी वर्णमालेत ती ‘ह’नंतर. त्यामुळे निव्वळ चिन्हक्रमांकाने लावलेल्या यादीत पळसे हे गाव पहिणेच्या आधी येते. तुलनेला मराठी भाषेचा क्रम वापरायला सांगितले की पहिणे आधी येते आणि पळसे नंतर.