फाशांच्या शाळेत शिकलेलं यंत्र

मार्च 2025 मध्ये यंत्राला अनुभवातून शिकवण्याच्या कामासाठी अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन यांना ट्युरिंग पुरस्कार जाहीर झाला आणि त्याच वाटेनं शिकून 2016 मध्ये गोच्या खेळात ली सेडॉलला हरवणारा अल्फागो पुन्हा बातम्यांत झळकला. पण सटन यांच्या पद्धतीनं पहिलं मोठं मैदान मारलं ते बॅकगॅमनच्या पटावर, 1992 च्या सुमारास. ते मारून देणारे आयबीएमचे जेराल्ड टेसॉरो मात्र तळटिपेतच राहिले.

24 घरं, दोघांच्या मिळून 30 सोंगट्या, दोन फासे. एकटी सोंगटी सापडली की मार खाते; सारीपाट खेळलेल्यांना हे नवं नाही. दैवाचा वाटा मोठा, म्हणून इथल्या विजयाकडे जरा संशयानंच पाहावं. जुलै 1979 मध्ये माँटे कार्लोत हान्स बर्लिनर यांच्या प्रोग्रॅमनं जगज्जेत्या लुइजी व्हिलांना 7-1 असं हरवलं. नंतर चाली तपासून बर्लिनर यांनीच लिहिलं, की खेळ व्हिलांचा सरस होता, आपल्याला दानं चांगली पडली. (आजच्या एखाद्या एआय कंपनीनं असं छापून दाखवावं!)

टेसॉरोंच्या टीडी-गॅमनला गुरू नव्हता. ते स्वतःशीच खेळे. निकालाची वाट न बघता प्रत्येक पेपरनंतर टक्क्यांचा अंदाज सुधारणाऱ्या विद्यार्थ्यासारखं ते दर चालीनंतर जिंकण्याचा आपला अंदाज दुरुस्त करी. सुरुवातीला चाली इतक्या आंधळ्या, की एकेक डाव शेकडो, कधी हजारो चाली रेंगाळे. पण संपे. इथेच फासे कामाला आले. एकाच ठरावीक वाटेनं खेळत राहायची सोयच नाही. दान नव्या परिस्थितीत ढकलतंच.

पंधरा लाख डावांनंतर ते बिल रॉबर्टी या दिग्गजाशी 40 डाव खेळलं आणि एका गुणानं हरलं. त्याहून मोठी गोष्ट वेगळीच. पहिलंच दान 4-1 पडलं, की जाणकार 1 वापरून एक सोंगटी पाचव्या घरात एकटी ठेवत. प्रतिस्पर्ध्याच्या 36 पैकी 15 दानांत ती मरते, पण वाचली तर मोक्याचं घर हाती येतं. यंत्राला हा जुगार पटेना. ते त्या 1 नं मागच्या दोन सोंगट्यांची जोडी फोडी. रॉबर्टींसारख्यांनी पडताळून पाहिलं आणि अनेक वर्षांचा रिवाज स्पर्धांमधून हद्दपार झाला.

‘शून्यातून शिकलं’ हे मात्र अर्धसत्य. निव्वळ कोऱ्या पाटीचं रूपही बऱ्यापैकी खेळे, पण रॉबर्टींना भिडलेल्या आवृत्तीला माणसांनी निवडलेल्या खाणाखुणा पुरवल्या होत्या आणि ती पुढच्या चाली थोड्या तपासूनही बघे. शिवाय 1990 च्या दशकात स्वतःशी खेळून शिकण्याची हीच युक्ती बुद्धिबळात आणि गोमध्ये तितकी फळली नाही.

टेसॉरो पुढे आयबीएमच्याच वॉटसन या संगणकाकडे वळले. 2011 च्या ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजूषेच्या सामन्यात वॉटसननं कधी किती पैसे पणाला लावायचे, तो हिशेब त्यांच्या चमूचा होता.