घोळ खावी, पण रस्त्याकडेची नव्हे

दुबईतल्या मुहैस्नाहसारख्या भागात वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जमीन वाळूची, खारट. अशा मुलखात पाणी पाजलेल्या बागांमध्ये जी तणं हमखास माजतात, त्यांत आपली घोळ आहे. महाराष्ट्रात ती शेतातून खुरपून काढतात आणि डाळ घालून तिची पातळ भाजीही करतात. तिचा चिवटपणा तिच्या घडणीतच आहे. जाड पानं पाणी साठवतात. पाणी असेल तेव्हा ती मका-ज्वारीसारखी भर उन्हात जोमाने अन्न तयार करते. पाणी तुटलं की निवडुंगासारखी रात्री हवा आत घेऊन ओल वाचवते. या दोन्ही क्रिया तिच्या एकाच पेशीत चालतात, हे येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली दाखवलं. पिवळं फूल सकाळच्या उन्हात काही तासच उमलतं, मग इवलं बोंड डबीच्या झाकणासारखं उघडतं आणि खसखशीहून बारीक काळं बी सांडतं. एका झाडाला हजारो बिया, त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. उपटून टाकलेला तुकडाही ओल मिळताच मुळं धरतो.

मग फुकटची भाजी खुडून का आणू नये? कारण खारट मातीत तगणारी ही वनस्पती मिठाबरोबर कॅडमियमसारखे जड धातूही शोषते आणि दुबईची सार्वजनिक हिरवळ मुख्यतः प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर पोसली जाते. शिवाय तिच्यासारखंच जमिनीलगत पसरणारं दुधी नावाचं तण विषारी असतं; त्याचा देठ मोडला की पांढरा चीक येतो, घोळीला येत नाही. घोळीत ऑक्झलेट जास्त असतं, हा आक्षेपही खरा आहे. मुतखडा झालेल्यांनी ती टाळावी. इतरांनी उकडून पाणी काढून टाकावं किंवा दही घालावं, दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून ठेवतं. पण एवढ्यावरून तिला नाकारणं मला पटत नाही. पालेभाज्यांत विरळा असं ओमेगा-३ तिच्यात भरपूर आहे आणि कोथिंबीर जिथे करपते त्या गॅलरीत ती तग धरते. ती पसरेल ही भीती कुंडीत उरत नाही, फक्त बोंडं धरण्याआधी छाटत राहायचं. अमिरातीतल्या भाजीबाजारात ‘बकला’ नावाने तिची जुडी मिळते. पानं भाजीला घ्या आणि बोटभर देठ वाळूमिश्रित मातीत खोचून पाहा.